पाठीवरचा खळगा

आधी ते बोट मागे घ्या, मग बोलतो. मी कासव आहे. काचेच्या पेटीत राहतो आणि मला माणसं आवडत नाहीत. सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं.

या घरात आलो तेव्हा मी पंख्याच्या बटणाएवढा होतो, म्हणून नाव पडलं बटण. आणणारा वायरमन. दुकानदाराने पेटीबरोबर एक दिवा दिला आणि बजावलं, "हा साधा नाही, हा उन्हाचं काम करतो. उडाला की असलाच घ्या, नाहीतर कासव टिकायचं नाही."

वायरमन हसला. "अहो, दिव्यांचं मला सांगताय? मला?"

त्या दिव्याखालच्या दगडावर पाय पसरून पडायचं, एवढंच माझं सुख होतं. आठ महिन्यांनी दिवा उडाला. वायरमनने पिशवीतून पांढरा एलईडी काढला, स्टुलावर चढला आणि बसवला.

"पण बाबा, ते काका म्हणाले होते ना, तसलाच आणा," त्याची मुलगी म्हणाली.

"त्याला त्याचा माल खपवायचाय. उजेड तो उजेड!"

झालं. आख्ख्या गल्लीचे दिवे लावणारा माणूस हा. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, त्या अंधारात मी राहत होतो.

उजेड भरपूर, ऊब नावालाही नाही. पुढे दगडावर चढणंही जमेना, मागचे पाय ओढत फिरायला लागलो. मग एकदा पेटी धुताना वायरमनच्या बायकोचा अंगठा माझ्या पाठीत रुतला.

"अय्या, अहो, हा किती मऊ झालाय बघा!"

वायरमनने दाबून पाहिलं आणि तज्ज्ञासारखी मान डोलावली. "माणसाळला. आधी भीतीने कडक असायचा, आता माया लागली त्याला."

तेव्हापासून आल्यागेल्याला तोच कार्यक्रम. शेजारीण आली, दाबा. आत्या आली, दाबा. वायरमन तर रोज जेवून उठला की दाबायचा, नेमका एकाच जागी. अहो, हाड आहे ते! माझं हाड! कळ यायची, मी पाय झाडायचो, तर म्हणे गुदगुल्या होतात. चावलोसुद्धा. पण जबडाही मऊच पडला होता. सगळे पोट धरून हसले. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

मी खाणं सोडलं तेव्हा मुलगीच रडून रडून बापाला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी माझ्या पाठीला बोट लावलं आणि चटकन काढून घेतलं. असं करणारं ते पहिलंच माणूस.

"दिवा कुणी बसवला?"

वायरमन छतावरच्या पंख्याकडे बघू लागला.

"ह्याचं कवच हाडाचं असतं. उन्हावाचून ते विरत चाललंय. आणखी पंधरा दिवस गेले असते तर हा हाती लागला नसता. दिवा कुणी बसवला, विचारतेय मी."

"बाबांनी," मुलगी म्हणाली.

"मी वायरमन आहे," तो पुटपुटला.

"मग तर धन्यच आहे," बाई म्हणाल्या.

आता खरा दिवा आहे, औषध आहे, सकाळी गच्चीवर ऊन आहे. कवच पुन्हा टणक झालं, पण जसं दबलं होतं तसंच. मधोमध वायरमनच्या अंगठ्याएवढा खळगा आहे, आणि तो आता जन्मभर राहणार. कासव जगतं किती, ते तुम्हाला ठाऊक असेलच. तेव्हा घरी कासव आणायचं मनात असेल तर नका आणू. आणलंच, तर ज्याला त्यातलं कळतं त्याचं ऐका.

काल वायरमन पेटीपुढे उकिडवा बसला. डोळे भरलेले. "बटणा, चुकलो रे," म्हणत त्याने खळग्यावरून फिरवायला हात आत घातला. मी मान लांब केली.

जबडाही टणक झालाय, हे त्याला सांगायचं बाईंकडून राहून गेलं होतं. अंगठ्याला तीन टाके पडलेत म्हणे.