बुडालेला ढिवर

"ह्या मासोळ्या होत का कोंबड्या?" रेवताबाईने विचारले.

बुधरामने सिमेंटच्या हौदात मूठभर दाणे फेकले होते आणि हातभर लांबीचे मासे एकमेकांच्या अंगावर चढत वर आले होते. तो हसला. "ट्राउट म्हणतेत यायले, माय. एका हौदात चार हजार."

"धरायले जाळ नाई लागत?"

"नाई. पानी सोडून देतो, मंग उचलतो."

"मंग याच्यात शिकाचं काय हाय?"

बुधराम वळला. बाजूने त्याच्या विद्यापीठातले दोघे गोरे विद्यार्थी चालले होते. तो घाईघाईने त्यांच्याशी इंग्रजीत काहीतरी बोलला. लुगड्यावर मुलाचा लांब ओव्हरकोट घातलेली रेवताबाई खिशात हात घालून त्या हौदाकडे बघत राहिली. हिरवे, भिंतीत कोंडलेले पाणी. त्याला पाणी म्हणायला तिची जीभ उचलत नव्हती.

कारध्याला तिचे घर वैनगंगेच्या काठावर होते. तीस वर्षे ती डोक्यावर टोपली घेऊन पूल ओलांडत होती आणि भंडाऱ्याच्या बाजारात मासोळी विकत होती. नवरा इतवारी, जातीचा ढिवर म्हणजे मासेमार, जाळे टाकायचा, ती विकायची. त्यावर बुधराम शिकला. आधी भंडाऱ्याच्या वसतिगृहात, मग नागपूरला, आणि तीन वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती मिळवून थेट स्कॉटलंडला. मासे कसे वाढवावे, यावर तो तिथे प्रबंध लिहीत होता. दोन वर्षांपूर्वी इतवारी गेला तेव्हा त्याचे पत्र आले, तो आला नाही.

रेवताबाई स्वतःहून इथे आली नव्हती. विद्यापीठाच्या गावात परदेशी विद्यार्थ्यांना मदत करणारी एक सोसायटी होती. ती दरवर्षी एखाद्या विद्यार्थ्याच्या आईला किंवा बापाला बोलावून घ्यायची. चौऱ्याऐंशी साली बुधरामचा नंबर लागला. दीर तुलाराम तिला मुंबईपर्यंत सोडायला आला आणि विमानतळाच्या दारात तिच्यापेक्षा जास्त घाबरला. ती घाबरली नाही. विमानात भात म्हणून जे दिले ते तिने वास घेऊन परत केले.

वासावरून पहिल्याच दिवशी बिनसले होते. तिने वाळवलेले झिंगे आणले होते, त्याच्या बापाने वाळवायचे तसे, मीठ कमी घालून. पुडी सोडली तशी बुधरामने खिडकी उघडली.

"माय, इथं वास नाई चालत. शेजारचे लोक तक्रार करतेत."

"तू मासोळीचंच शिकून राहिला ना?"

"ते वेगळं."

त्याने पुडी प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून खिडकीबाहेर ठेवली आणि खोलीत फुलांच्या वासाचा फवारा मारला. रेवताबाई खाटेवर बसून त्याच्याकडे बघत होती. मासोळीवालीच्या पोराला मासोळीचा वास खुपतो, हे तिने मनातल्या मनात नोंदवून ठेवले.

शनिवारी सोसायटीच्या सभागृहात बुधरामचे भाषण होते. जाताना त्याने तिला चार वेळा बजावले, "आज नीट बस. मले दोन साल अजून पैसे द्याचे का नाई, ते हे लोक आज ठरवनार हायेत."

"मले काय करा लागते?"

"काई नाई. समोर बसा लागते."

समोर बसल्यावर तिच्या लक्षात आले की लोक बुधरामपेक्षा तिच्याकडेच जास्त बघताहेत. तिच्या नथीकडे, हातावरच्या गोंदणाकडे, कोटाखालून दिसणाऱ्या लुगड्याच्या काठाकडे. बाजारात गिऱ्हाईक मासोळीकडे बघते तसे, फक्त कल्ले उचलून बघायचे तेवढे राहिले होते. तिच्या शेजारी सत्यवती बसली होती. ती नागपूरची, बुधरामच्याच विद्यापीठात रसायनशास्त्र शिकायला आलेली. आल्या दिवसापासून ती रेवताबाईला मावशी म्हणत होती.

दिवे मालवले गेले. भिंतीवर वैनगंगा आली. मग कारध्याचा काठ, मग झाडाचे खोड कोरून केलेला डोंगा, आणि डोंग्यात उभा इतवारी. लंगोट, खांद्यावर जाळे, डोळ्यांवर ऊन आलेले. रेवताबाईचा हात पदराकडे गेला. तो फोटो बुधरामने मित्राच्या कॅमेऱ्याने काढला होता. घरात लावायला मोठा करून आणतो, म्हणाला होता.

बुधराम हळू आवाजात बोलत होता. कोणीतरी सुस्कारा टाकला. मागच्या रांगेतली एक बाई रुमाल काढून डोळे पुसू लागली. चित्र भिंतीवर तसेच होते.

"काय म्हनते तो?" रेवताबाईने विचारले.

सत्यवती भिंतीकडेच बघत राहिली.

"सांग ना, बाई."

"मावशी, तुमचे यजमान पुरात बुडून गेले म्हणतो. ते झाडाचं पोकळ खोड उलटलं, कोणी वाचवायला नव्हतं. म्हणून आपण ठरवलं, की आपल्या लोकांना नदीपासून सोडवायचं. तळ्यात मासे पाळायचे, म्हणजे परत कोणाचा बाप बुडणार नाही."

रेवताबाईला आधी वाटले, या पोरीला इंग्रजी नीट येत नसावे.

"बुडून? इतवारी?"

"हो, मावशी."

दिवे लागले. सोसायटीची अध्यक्षीण, पांढऱ्या केसांची उंच बाई, रेवताबाईजवळ आली. तिने तिचे दोन्ही हात धरले आणि दोन शब्द बोलण्याची विनंती केली. बुधराम म्हणाला, "माय, काई पन बोल. मी त्यायले सांगतो."

रेवताबाई उठली. बाजारात बोलायची सवय होती, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"मी कारध्याची ढिवरीन. माहा नवरा कावीळ होऊन मेला, भंडाऱ्याच्या दवाखान्यात, खाटेवर. पान्यात नाई मेला. पूर आला तवा त्यानं तीन दिवस डोंग्यातून लोक काढले, ज्यायले आमच्या हातचं पानी चालत नव्हतं त्यायले पन काढलं. पान्यानं त्याले कधी काई केलं नाई. माहा पोरगा लबाड बोलून राहिला."

ती बसली.

बुधरामच्या चेहऱ्यावर काहीच हलले नाही. तो मऊ आवाजात इंग्रजीत बोलू लागला. ती जिथे थांबली होती तिथे तोही थांबला. ती जेवढा वेळ बोलली तेवढाच वेळ बोलला. सभागृह टाळ्यांनी भरून गेले. अध्यक्षीण बाईने चष्मा काढला.

सत्यवतीने टाळ्या वाजवल्या नाहीत.

"त्यानं काय सांगतलं?"

"तुम्ही आभार मानले म्हणाला." सत्यवतीने आवाज खाली आणला. "नदीनं माझा नवरा नेला, तुम्ही माझा मुलगा वाचवला, असं तुम्ही म्हणालात म्हणे." ती खुर्चीतून अर्धवट उठली. "मी सांगू का यांना खरं?"

रेवताबाईने पलीकडे पाहिले. म्हाताऱ्या बाईने बुधरामचा हात हातात घेतला होता आणि त्याने मान बरोबर हवी तेवढीच वाकवली होती. इतवारीने जन्मात कोणापुढे अशी मान वाकवली नव्हती. भाव पटला नाही तर तो टोपली उचलून चालू लागायचा.

"बस, बाई," ती म्हणाली. "मेलेला बाप दाखवून खाऊन राहिला तर खाऊ दे. त्याच्या अंगात दुसरं काई करायची ताकत नाई."

वाटेत बुधराम पुढे पुढे चालला. खोलीच्या जिन्यात म्हणाला, "इथं अशीच गोष्ट लागते, माय. कावीळ झालेल्या मानसासाठी कोनी रडत नाई. बाबाचं काय बिघडलं याच्यात? तो तर गेला."

"तू त्याले पाहायले आलाच नाई. मंग तो कोठी मेला, हे तुले कसं समजन."

"तिकिटाले पैसे नव्हते."

"हाव. आन् दाखवायले फोटो होता."

उरलेले सहा दिवस तिने स्वयंपाक केला, भांडी घासली, विचारले तेवढेच बोलली. त्याने तिच्यासाठी लोकरीचा स्वेटर आणला. तो तिने घडी न मोडता त्याच्याच कपाटात ठेवला. सोसायटीने त्याची दोन वर्षे मंजूर केली. ते सांगताना त्याला वाटले ती काहीतरी म्हणेल. ती तांदूळ निवडत होती.

विमानतळावर तो पाया पडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"पान्यापासून सांभाळून राह्य," ती म्हणाली. "तुले पोहता येत नाई."

ते खरे होते. ढिवराच्या घरात जन्मून बुधराम कधी पोहायला शिकला नाही. वसतिगृहात नदी नव्हती.

दिवाळीनंतर कारध्याला विलायतेहून एक मोठे पार्सल आले. ढिवर मोहल्ला गोळा झाला. आतून नारंगी रंगाचे, फुगीर, बिनबाह्यांचे जाकीट निघाले. छातीवर काळी इंग्रजी अक्षरे आणि सोबत एक पत्र. शाळेचे आनंदराव गुरुजी पत्र वाचून मराठीत सांगू लागले. "हे घातलं की माणूस बुडत नाही. सोसायटीकडून कारध्याच्या मच्छीमारांना भेट. इतवारी यांच्या स्मरणार्थ, जे वैनगंगेत..."

गुरुजी थांबले. पुराच्या वेळी इतवारीने ज्यांना गळ्याएवढ्या पाण्यातून काढले, त्यात तेही होते.

"वाचा ना, गुरुजी," रेवताबाई म्हणाली.

त्यांनी वाचले.  तुलाराम खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

"ह्याच्यात त्याचं नाव कोठी हाय?"

गुरुजींनी अक्षरांवर बोट ठेवले. रेवताबाईने मासोळी कापायचा विळा आणला आणि बोटाच्या कडेने तेवढे कापड कापून काढले, घाई न करता, खवले काढावे तसे. ती चिंधी तिने कनवटीला खोचली. मग जाकीट उचलून टोपलीजवळ ठेवले.

दुसऱ्या दिवसापासून भंडाऱ्याच्या बाजारात ती त्यावर बसू लागली. थंडीत फरशी गार लागते. कोणी विचारलेच, की बाई, हे काय आणले, तर ती म्हणायची, "बसाचं होय," आणि मरळ उचलून तराजूत टाकायची.