मोरोपंतांचं शेवटचं बुकिंग

"अवो, हाल आज आमचा हाय," दारातला माणूस म्हणाला, आणि कमळाकरच्या हातातला हार खुर्चीवर पडला.

हार मोरोपंतांच्या फोटोसाठी होता. फोटो स्टेजवर होता, आणि चार वाजता त्यांची शोकसभा होती.

"हॉल तुम्हाला कोणी दिला?"

"मोरोपंतांनी. म्हयना झाला असंल. मी शिवा, जिते गावचा. पोरीचा साखरपुडा हाय."

कमळाकरनं फोटोकडे पाहिलं. फोटोतले मोरोपंत नेहमीसारखे निर्विकार होते.

पेणच्या जुन्या बाजारपेठेतलं लोकरंजन सभागृह ही एकच इमारत होती, पण ती कधी एक राहत नसे. सकाळी बॅडमिंटन, दुपारी बायकांचं हळदीकुंकू, संध्याकाळी भजन, मधूनच रक्तदान. पुढच्या खोलीत वाचनालय होतं, तिथे काही माणसं वर्तमानपत्राआड झोपत. या सगळ्याचे चिटणीस मोरोपंत. ते खिडकीशी बसत. माणूस तारीख विचारी, पंत डोळे मिटून आठवत आणि मान हलवत. झालं बुकिंग. लिहून ठेवणं त्यांना स्मरणशक्तीचा अपमान वाटे. उभ्या आयुष्यात त्यांनी हॉल एकाच वेळी दोघांना दिला नव्हता. मागच्या पंधरवड्यात ते गेले, आणि सगळी बुकिंगं बरोबर घेऊन गेले.

अध्यक्ष हैबतराव महिनाभर हॉलच्या जागी दुकानांचे गाळे काढायचं म्हणत होते. परवाच बजावलं होतं, "एक तक्रार आली ना कमळाकर, की कुलूप." कमळाकर हॉलचा रखवालदार, त्याचं बिऱ्हाड स्टेजमागच्या खोलीत होतं. त्यामुळे कुलूप कुठून कसं लागेल याचा विचार त्याला झोपू देत नव्हता.

"जरा कळ काढा, शिवादादा. तासाभरात शोकसभा उरकतो."

"मी काढीन वो. पावनं आलं ना रोह्याहून! नवरामुलगा कंपनीत हाय, शिफ्ट बदलून आलाय. पुढची गाडी कवा येल ते रेल्वेला तरी ठाव हाय का? म्हणून लवकरच निघून आली मंडळी."

शिवाची बायको धोंडुबाई पुढे झाली. "नि समोर मेल्या मान्साचा फोटू? माज्या भाविकाचा साखरपुडा हाय, बारावा नाय. कोन हाय तुमचा अध्यक्ष? बोलवा त्याला!"

"येतीलच," कमळाकर म्हणाला. हेच तर त्याचं दुखणं होतं.

त्यानं भाविकाला वाचनालयात बसवलं, पाहुण्यांना अंगणात सावलीला बसवलं, आणि दोन्हींकडे पाणी फिरवताना आपण कुणाला काय सांगितलं हेच विसरून गेला.

चार वाजले. पुढच्या रांगेत मोरोपंतांच्या पत्नी वत्सलाबाई येऊन बसल्या. मागे शंभर खुर्च्या. एकाही खुर्चीवर माणूस नाही. पेणमध्ये मोरोपंतांना न ओळखणारा माणूस नव्हता. म्हणूनच प्रत्येकाला वाटलं होतं की बाकीचे जातीलच. शिवाय आता घरोघरी केबल आली होती.

हैबतराव आले. खुर्च्यांवरून नजर फिरवून ते कमळाकरच्या कानाशी लागले. "बघ. ज्यानं हॉल चालवला त्याच्यासाठीसुद्धा कोणी हॉलमध्ये येत नाही. आता गाळ्यांना कोण नाही म्हणतो?"

वत्सलाबाईंनी एकदा मागे वळून पाहिलं. मग पुन्हा वळल्या नाहीत.

कमळाकर अंगणात गेला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. बोलायची वेळही आली नाही. धोंडुबाई दारातून आतच पाहत होती.

"ती बाई कोन, येकलीच बसलीय?"

"पंतांच्या घरच्या."

धोंडुबाई शिवाला म्हणाली, "हाल ठरवाया आलो तवा म्हाताऱ्यानं आपल्याला आत बोलवून खुर्ची दिल्हती. ध्यानात हाय?"

"हाय की. पन अपशकून—"

"गप ऱ्हावा. पोरीला नाय नेत." ती बायकांकडे वळली. "उठा गो. जरा बसून येऊ. मान्साला मान्सं लागतात."

जरीच्या साड्या, अबोलीचे गजरे, कडक इस्त्रीचे शर्ट असा शोकाकुल समुदाय आत शिरला. खुर्च्या भरल्या, काही पाहुणे भिंतीला टेकले.

हैबतराव दोन वाक्यं बोलून बसणार होते. पण भरलेला हॉल आणि चालू माईक समोर असताना ते आजवर कधी दोन वाक्यांत बसले नव्हते. मोरोपंतांचा त्याग झाला, सेवा झाली, आवाज चढत गेला, आणि शेवटी टेबलावर मूठ आपटून ते गरजले, "हे सभागृह म्हणजे मोरोपंतांचं स्मारक! मी असेपर्यंत याची एक वीटसुद्धा हलणार नाही!"

शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे रोह्याच्या पाहुण्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कडकडाट केला. हैबतराव खाली बसले, आणि आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा उमगलं. कमळाकरनं लगेच सगळ्यांना श्रद्धांजलीला उभं केलं, न जाणो, ते पुन्हा उठले तर. शांततेत फक्त बांगड्या किणकिणत होत्या.

सभा संपल्यावर वत्सलाबाई दाराशी थांबल्या. "कमळाकर, कुठली रे ही मंडळी? मी तर कुणालाच ओळखत नाही."

"पंतांनीच आजची तारीख दिलेली, वहिनी."

त्यांनी पदर सारखा केला. "मला कधी काही सांगायचे नाहीत," त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरताना त्यांची पाठ जराशी ताठ झाली.

कमळाकरनं फोटो स्टेजवरून उचलला. तो ठेवायचा कुठे? शेवटी खिडकीशी, पंतांच्या स्टुलावर ठेवला. आत भाविकाला पुढे बोलावलं जात होतं. अशी आणखी किती माणसं पंतांनी मान हलवून ठेवली असतील, कोणत्या रविवारी कोण दारात येऊन उभं राहील, या धास्तीनं तो तिथंच उभा राहिला.

बाहेरून कोणीतरी खिडकीशी वाकलं. "दिवाळीनंतरचा पहिला रविवार मोकळा आहे का हो?"

कमळाकर सवयीनं स्टुलाकडे वळला, आणि मग लिहायला वही शोधू लागला.