अर्धी साक्ष

शनिवारी दुपारी शलोमी मुलांना न्यायला राहुरीजवळच्या गावी आईकडे आली, तेव्हा सगुणाबाई हुलग्याची शेंगोळी वळत बसल्या होत्या. आठ वर्षांची हन्ना आणि धाकटा यशया दोन बाजूंना, कोपरापर्यंत पिठानं माखलेले.

"प्रेज द लॉर्ड, आई," शलोमी दारातून म्हणाली.

"सलाम गं. आज उपास हाय, का तुझीबी शेंगोळी टाकू?"

यशया खुदकन हसला. शलोमी हसली नाही.

सगुणाबाईंचं आयुष्य मिशनच्या इस्पितळात नर्स म्हणून गेलं. तिथं प्रत्येक पाळी प्रार्थनेनं सुरू व्हायची आणि 'आमेन' म्हटल्याबरोबर औषधांच्या कपाटाची किल्ली फिरायची. शलोमी लग्नानंतर नगरला, नवऱ्याच्या पेंटेकॉस्टल मंडळीत गेली. दागिना नको म्हणून हातातल्या बांगड्या उतरल्या, उपास वाढले, आणि औषध घेणं म्हणजे विश्वासात कसर, असं घरात हळूहळू ठरून गेलं. पास्टरांनी तसं कधी सांगितलं नव्हतं. पण मंडळीच्या उपासनेत उठून सांगितलेल्या, औषधाविना बरं झाल्याच्या साक्षीला सर्वांत मोठा 'हालेलुया' मिळायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"आजी," हन्ना मध्येच म्हणाली, "मम्मीनं साक्षीत सलाईनचं सांगितलंच नाही."

सगुणाबाईंचा हात थांबला.

दिवाळीच्या सुट्टीत हन्ना याच घरात तापानं फणफणली होती. शलोमीनं फोनवर बजावलं होतं, "दवाखान्यात नेऊ नकोस. तेल लावून प्रार्थना कर, आम्ही उपास धरलाय." सगुणाबाईंनी पोरीच्या कपाळाला तेल लावलं, डोळे मिटून प्रार्थना केली आणि शेजारच्या कारभारींच्या टेम्पोतून तिला थेट दवाखान्यात नेलं. डेंग्यू निघाला. चार दिवस सलाईन. पुढं शलोमीनं मंडळीसमोर उभं राहून सांगितलं, माझी मुलगी केवळ प्रार्थनेनं बरी झाली!

"मी खोटं नाही बोलले," शलोमी म्हणाली. "देवानंच बरं केलं तिला."

"व्हय, देवानंच. पण त्यानं ज्यांच्या हातून केलं, त्यांना तू गाळलंस. अर्धी साक्ष खोट्याहून वाईट, शलू. खोटं पकडता तरी येतं."

"तू माझा शब्द मोडून नेलंस तिला! माझी मुलगी आहे ती!"

"तुझी हाय म्हणूनच नेलं." सगुणाबाईंचा आवाज चढला नाही. "माझं नाव नको घेऊस. पण तुझी साक्ष ऐकून उद्या एखादी आई गोळ्या फेकंल. तिच्या लेकराजवळ कुणी न्हाई असलं तर?"

शलोमीनं मुलांचे हात धुतले, कपडे भरले आणि साडेचारची बस धरली. आईनं पिशवीत शेंगोळीचा डबा ठेवला. शलोमीनं मान वर करून पाहिलंही नाही.

रविवारी सकाळी उपासनेला जायची साडी नेसून सगुणाबाई खुर्चीत टेकल्या, त्या उठल्याच नाहीत.

सोमवारी दफनासाठी नगरची मंडळीही आली. त्यांच्यातली एंजेला शलोमीच्या गळ्यात पडली. "ताई, देव तुम्हाला बळ देवो. तुमच्या साक्षीनं मला दिलं बघा! आमच्या रूथच्या फिटच्या गोळ्या शुक्रवारपासून बंद केल्यात. नुसतं तेल लावते."

सहा वर्षांची रूथ आईचा पदर धरून उभी होती. शलोमीनं मनातल्या मनात मोजलं. शुक्रवार, शनिवार, रविवार... तीन दिवस!

"शलोमीताई," पास्टरांनी हाक मारली, "आईविषयी चार शब्द बोला."

ती कबरीपाशी गेली. समोर सगळी मंडळी होती. आपली साक्ष ऐकून याच लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"दिवाळीनंतर मी तुम्हाला एक साक्ष दिली होती," ती म्हणाली. "ती अर्धी होती."

"आज नको, शलोमी," नवरा, पॉल, पुटपुटला.

"आजच, पॉल. हन्नाला डेंग्यू झाला होता. तिला चार दिवस सलाईन लावलं. मी 'नेऊ नकोस' म्हणत होते आणि माझ्या आईनं नेलं. प्रार्थना करून नेलं. हे मी तुमच्यापासून लपवलं, कारण मला हालेलुया हवा होता. एंजेला, रूथच्या गोळ्या कुठं आहेत?"

एंजेलानं खांद्यावरची पर्स चाचपली. "पर्समध्येच हायेत, ताई. टाकवल्या न्हाईत माझ्याच्यानं."

"मग आत्ता डॉक्टरांना फोन कर. ते सांगतील तशी दे. इथून दवाखान्यात मी तुझ्याबरोबर येते."

कुणी हालेलुया म्हटलं नाही. एंजेला मोबाईल काढत होती. पास्टरांनी स्वतःजवळची पाण्याची बाटली उघडून रूथपुढं धरली आणि हळूच म्हणाले, "आमेन."

आपल्यातले कितीजण, धर्म कोणताही असो, बरं झाल्याची गोष्ट सांगताना डॉक्टरांचं आणि गोळीचं नाव गाळतात! त्यानं श्रद्धा तसूभरही वाढत नाही. ऐकणाऱ्याचं लेकरू मात्र पणाला लागतं. साक्ष द्यायची तर पुरी द्यावी.

मूठभर माती हातात घेऊन शलोमी खाली वाकली.

"आई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझी हन्ना तुझ्यामुळं जगली. हे मी तुला एकदाही म्हटलं नाही."