तोंड बांधलेला जार

मी एक जुना, वीस लिटरचा पाण्याचा जार आहे. माझा जन्म सौदीतल्या दम्माममधल्या प्लॅस्टिकच्या कारखान्यातला, नोकरी अल-खोबरची. मित्रांनो, सात वर्षं मी पाणी वाहिलं आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. भर उन्हात बांधकामावरची माणसं माझं पाणी पिऊन तृप्त व्हायची. चवीवर कुणी भाषण दिलं नाही.

मग मी श्रीकांतच्या घरी आलो, आणि पाणी संपल्यावर त्याने मला दुकानात परत दिलंच नाही. हा नाशिकचा इंजिनियर. कंपनीने त्याला आठ दिवस ट्रेनिंगला बेल्जियमला पाठवलं होतं. ट्रेनिंग काय झालं देव जाणे, पण तिथली ‘एल’ नावाची कडक बियर मात्र तो मन लावून चाखून आला. तेव्हापासून लिंबाचं सरबतसुद्धा उजेडात धरून, हुंगून, डोळे मिटून म्हणायचा, “मागून मनुकांची चव येतेय.” सरबतात! मला त्याची कीव येत होती.

पुढे तो मोबाइलवर घरी बियर करायचे धडे बघू लागला. त्याची बायको मंजिरी इथल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. ती म्हणाली, “श्री, इथे हा गुन्हा आहे. सापडलास तर तिघांचा इकामा जाईल, देश सोडावा लागेल. नूपुरची बारावी दोन महिन्यांवर आलीये.”

“अगं, हे सायन्स आहे. तिकडे मठातले साधू करतात.”

त्या साधूंना इकामा लागत नसावा.

शेवटी त्याने माल्टचं पेय, साखर आणि यीस्ट माझ्यात ओतून मला पाहुण्यांच्या बाथरूममध्ये दडवलं. वास बाहेर जाऊ नये म्हणून झाकणावर टेपचे चार वेढे दिले. कारखान्यात हा शहाणा जादा दाब सोडणाऱ्या झडपा तपासतो! आत वायू साठून मी फुगत होतो, माझा तळ गोल होत होता, आणि हा रोज मला थोपटून म्हणायचा, “छान चाललंय.”

शुक्रवारी दुपारी मी फुटलो. तपकिरी फेस दाराखालून थेट जिन्यापर्यंत गेला. पाच मिनिटांत बेल वाजली. बिल्डिंगचा मॅनेजर, शेजारच्या कतीफचा नबील, दारात उभा होता. श्रीकांत बेडरूमच्या बाथरूममध्ये शिरला आणि त्याने आतून कडी लावली.

मंजिरीने दार उघडलं.

“मदाम, ये स्मेल क्या है?”

तिने आंबलेल्या इडलीच्या पिठाचं पातेलं आणून त्याच्यापुढे धरलं. “इंडियन खाना है. गिर गया.” मागे लेक नूपुर पुस्तक छातीशी धरून उभी होती.

नबीलने पांढऱ्या पिठाकडे पाहिलं, मग तिच्या पायांखालच्या तपकिरी पाण्याकडे. त्याला सगळं कळलं होतं. “खलास, मदाम, बस हो गया,” तो हळूच म्हणाला. “यल्ला, जल्दी साफ करो.”

तो गेल्यावर साहेब बाहेर आले. माझ्याकडे बघून म्हणाले, “टेप जास्त झाली. पुढच्या वेळी झाकण सैल ठेवू.”

मंजिरी जमिनीवर बसून फरशी पुसत होती. ती मान वर न करता म्हणाली, “पुढच्या वेळी दार तू उघड.”

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. दुकानात माझ्यासारखे शंभर मिळतात. त्या दिवशी मात्र फरशी पुसायला दुसरं फडकं नूपुरने घेतलं. श्रीकांतने नाही.