कागद नव्हता म्हणून

जळगावच्या एसटी स्टँडवर पुष्पाबाईंनी मांडीवर ब्लाउज पीस अंथरला, मधोमध बाळाची कुंची ठेवली आणि टोकं ओढून गाठ मारली. लाडवाची पुरचुंडी वाटली, म्हणून सोडून पुन्हा मारली. समोरच्या दुकानात चकचकीत कागद लटकत होता. पण फाडून फेकायच्या वस्तूला पैसे मोजणं त्यांच्या हाताला जमलंच नसतं. शिवाय घरी ओटीत आलेल्या ब्लाउज पीसांची चळत पडलेली. दहा घरं फिरून आलेले, कुणीच न शिवलेले. त्यातल्या त्यात बरा म्हणून हा लाल उचलला होता.

कुंची मात्र त्यांनी स्वतः शिवली होती, नवऱ्यापासून चोरून. सोनगीरहून निघताना नवलभाऊंना त्या डोळे दाखवायला जाते म्हणाल्या होत्या. सुलक्षणानं ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं, त्या दिवसापासून नवलभाऊंनी लेकीचं नाव घरात बंद केलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, तीही मोडली. लेक फोनवर रडत होती तेव्हा नवरा समोर बसलेला; पुष्पाबाईंनीच फोन ठेवला. आता जावयानं नाताळला या म्हणून कळवलं होतं. बोलावणं लेकीचं नव्हतं. आज दार लागलं तर ते कायमचंच, ही धास्ती पोटात घेऊन त्या निघाल्या होत्या.

मेहरूणमधल्या लेकीच्या खोलीच्या दारावर कागदी चांदणी टांगलेली होती. दार सुलक्षणानं उघडलं. तिनं आधी आईकडे पाहिलं, मग लाल पुरचुंडीकडे.

“ओटी भराले उनी का? सातवा महिना व्हता तवय किती वाट दखी मी.”

“नही वं माय,” पुष्पाबाई गडबडल्या. “गुंडाळाले कागद नही व्हता, म्हनीसन.”

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं, हे त्यांना बोलून गेल्यावर कळलं. सुलक्षणाचा हात कडीकडे गेला.

“आत या, आई,” मागून जावई विक्रम म्हणाला. “आज दारातून कुणाला परत पाठवत नाहीत.”

लेकरू घरभर दुडदुडत होतं. त्याचं नावसुद्धा पुष्पाबाईंना ठाऊक नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली. “ये रे बाबू,” म्हणत त्यांनी त्याला ओढून घेतलं आणि कुंची डोक्यावर चढवली. ती कपाळावरच अडकली. तान्ह्या बाळाच्या मापाची कुंची, चालत्या पोराला कशी व्हावी? तरी त्या ओढत राहिल्या. एकदा तरी बसू दे, एकदाच. पोरानं भोकाड पसरलं. सुलक्षणानं कुंची त्यांच्या हातातून काढून घेतली.

आता बघायचं कुठं? कोपऱ्यात विक्रमनं नाताळचा गवताचा गोठा मांडला होता. त्यात चिंध्यांत गुंडाळलेली एक बाहुली होती.

“बाळले गोठामा काबर ठेवं?” काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं.

“बाळाची आई दिवस भरलेली होती,” विक्रम सहज म्हणाला. “दारोदार फिरली. बाळंतपणाला कुणी जागा दिली नाही.”

पुष्पाबाईंनी पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका फुटलाच.

सुलक्षणा खाली बसली. कुंचीची घडी घालून तिनं ती त्याच ब्लाउज पीसात बांधली आणि आईच्या मांडीवर ठेवली.

“पुढलाले व्हई. चौथा महिना लागना.” मग खालच्या आवाजात, “आते तरी घर बलावशी का?”

पुष्पाबाईंनी नवऱ्याला फोन लावला.

“मी सुलक्षणाना घर शे. पोर बाळंतपणले घर यी राहिनी. मी इचारस नही, सांगस.”

पलीकडून फोन कट झाला. पुष्पाबाईंनी तो कानावरून खाली घेतला नाही.

“हा,” बंद फोनमध्ये त्या म्हणाल्या. “बरं. तुम्हीच या मंग तिले घेवाले.” फोन पदराआड ठेवत त्यांनी लेकीकडे पाहिलं. “हा म्हणनात.”

एवढ्या लवकर हो म्हणणारा बाप सुलक्षणानं जन्मात पाहिला नव्हता. तिनं आईच्या पदराआडच्या फोनकडे पाहिलं.

“मंग मी सामान थोडंसंच आणसू,” ती म्हणाली. “परत फिरनं पडनं तं.”