चहावरचा आंबा

आंब्याच्या बाबतीत रत्नपालचा शब्द घरात शेवटचा. लहानपणापासून अढीतला पहिला आंबा त्यानं चाखायचा, मान डोलवायची, मगच बाकीच्यांनी हात लावायचा. पुढं तो औरादला शिलाईचं दुकान टाकून राहिला, तरी दर उन्हाळ्यात त्याची थोरली बहीण सरुबाई संतपूरहून शेतातल्या झाडाच्या आंब्यांची टोपली घेऊन यायचीच. नणंद आली की रत्नपालची बायको ज्योत्स्ना आधी चहा टाकणार. साखरेला हात आखडला तर ती काय म्हणेल, म्हणून चहा असा की ओठाला ओठ चिकटावा. तो पिऊन झाल्यावर आंबे कापायचे.

गेले काही उन्हाळे रत्नपाल आंबा खाताना तोंड वाकडं करत होता. यंदाही त्यानं एक फोड चोखली आणि बाजूला ठेवली.

"आंबट हाय, अक्का. झाड म्हातारं झालं."

"पोरगा म्हणायलाय, पाडून केशर लावू."

"मग लावा की. कामून ठेवायलीस?"

इतक्या सहज बोलून गेला बाबा! सरुबाई आंबे तिथंच ठेवून दुपारच्या बसनं गेली.

दोन-चार दिवसांनी सकाळी दूध नासलं. ज्योत्स्ना दूध आणायला गेली आणि इकडं रत्नपालला भूक आवरेना. त्यानं त्यातलाच एक आंबा कापला. फोड तोंडात गेली. लहानपणी झाडाखाली बसून खाल्लेला तोच आंबा, तितकाच गोड. पिकला असेल आणखी, असं त्यानं मनाला समजावलं. ज्योत्स्ना आली, चहा झाला. चहा पिऊन त्यानं त्याच आंब्याची उरलेली फोड खाल्ली. आंबट!

त्यानं घाईघाईनं फोन लावला.

"अक्का, झाड पाडू नका! आंबा गोड हाय. मीच येडा, गोड चहावर खायलो आन् आंब्याला नावं ठेवायलो."

"कालच पाडलं रे, रत्ना."

त्याला रडू फुटलं. "तुला कसा लागायचा गं?"

"गोडच लागायचा की. पण तू आंबट म्हणलास. मला वाटलं, म्हातारपणी माझीच जीभ गेली. म्हणून कुणाला बोलले न्हाई."