सुरम्याची शेपटी मी सोडवली!

मित्रांनो, माझे तीन दात पडले आहेत, पण तेवढ्यावरून मला निकामी समजू नका! मी एक जुनी शिसवी फणी आहे. चिंचवड स्टेशनाबाहेर जेवढे टांगे उभे राहत, त्यांतल्या एकाच घोड्याच्या शेपटीकडे लोक वळून वळून बघत, आणि ती शेपटी माझ्या दातांतून गेलेली होती. बढाई नाही, ऐका तर खरं!

चाकणच्या बाजारात एका कारागिराने मला कोरले, कानशीने माझा एकेक दात घासला आणि मला तेलात मुरवले. शौकत टांगेवाल्याने मला आपल्या बायकोसाठी, रहिमाबीसाठी घेतले. तिच्या कमरेपर्यंतच्या केसांतून फिरताना काय ऐट होती माझी! मग एके दिवशी मी फरशीवर आपटले, दोन दात गेले आणि घरात नवी फणी आली. मी कोनाड्यात पडले. तीन वर्षे माझ्यावर फक्त चुलीचा धूर बसत होता.

पिंपरीला तेव्हा औषधांच्या कारखान्याच्या भिंती उठत होत्या. शौकतचा टांगा दिवसभर धावायचा. त्याचा घोडा सुरमा, काळसर करड्या रंगाचा. कार्तिकात शौकतच्या मुलीने, चौदा वर्षांच्या शमीमने, त्याला पवनेच्या काठी मोकळे सोडले आणि स्वतः बोरे वेचत बसली. सुरमा परत आला तो शेपटीत गोखरूचे ढीगभर काटे घेऊन! टांगेवाल्यांची सवय अशी, की घोड्याला काहीही झाले तरी आधी बादल्या ओतायच्या. शौकतने शेपटीवर पाणी ओतले, साबण चोळला. झाले! केस काट्यांभोवती असे आवळले की शेपटीचा सोटाच बनला.

आणि दुसऱ्याच दिवशी गावातल्या सोपानरावांच्या मुलाचे लग्न. संध्याकाळी नवरदेव सुरम्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला जाणार होता. सोपानराव सकाळीच घोडा बघायला आले.

"शौकतभाई, ही शेपटी हाय का मुसळ?"

"कात्रीनं उडवतो, सोपानराव. मोकळं!"

"बिनशेपटीच्या घोड्यावर माझं पोर बसायचं न्हाई. मी आकुर्डीचा घोडा सांगतो."

"दुपारपर्यंत थांबा, राव," शौकतने विनवले.

सोपानराव जाताच शौकतने कात्री उचलली, पण शमीम आडवी आली. "अब्बा, कापायची नाही! उन्हाळ्यात माश्या कशानं हाकलेल तो? तुमच्या चाबकानं?"

"काट्यांत सोडला कुणी? तूच ना? मग तूच सोडव. मी शेजारचा घोडा जुंपून दुपारच्या गाडीची माणसं सोडून येतो. तोवर झालं तर झालं, नाहीतर कात्री!"

शमीमने घर धुंडाळले आणि कोनाड्यातून मला ओढून काढले. तीन वर्षांनी हातात! पण पोरीने शेपटीच्या मुळापासूनच मला खाली खेचले. गाठी आणखी घट्ट झाल्या, सुरम्याने लाथ झाडली आणि माझा तिसरा दात गेला.

"अगं ए येडे!" कुंपणापलीकडून शालनबाई ओरडल्या. त्या रोज पाच लेकींच्या वेण्या घालत. "वल्या गाठी कवा सुटत्यात व्हय? आधी उन्हात वाळव. मग त्याल. आन् खालनं वर जा, वरनं खाली न्हाई!"

"अहो मावशी, वेळ कुठंय?"

"मग रडत बस!"

शमीम रडली नाही. तिने सुरम्याला उन्हात बांधले, शेपटी वाळू दिली आणि मग करंजाचे तेल लावले. ती घोड्याच्या मागे नाही, बाजूला उभी राहिली. बट वरून मुठीत धरायची, म्हणजे घोड्याला ओढ बसत नाही. टोकाकडून बोटांनी काटा सोडवायचा आणि मग मला फिरवायचे. एक बट, मग दुसरी. तिची बोटे रक्ताळली. गाडीची शिट्टी झाली. शौकत आला, कात्री घेऊनच.

"थांबा अब्बा! एकच गाठ राहिली!"

शौकतने शेपटी हातात घेतली, वरखाली बघितली. कात्री खाली ठेवली आणि शेवटची बट स्वतः मुठीत धरली. "चल, सोडव," तो म्हणाला.

सुटली! मग रिठ्याच्या फेसाच्या बादलीत शेपटी बुडवली आणि तीनदा स्वच्छ पाण्याने खळबळली. फेस राहिला तर खाज सुटते आणि घोडा भिंतीला घासून घासून शेपटीचे टक्कल करतो. वाळल्यावर मी वरपासून खालपर्यंत सरळ धावले, कुठेच न अडता. अहाहा!

सोपानराव आले आणि थबकले. "शौकतभाई, घोडा बदललास काय रे?"

"घोडा तोच, राव. हात हिचे."

सोपानरावांनी शमीमची बोटे बघितली. "मग लगाम बी हिच्याच हातात दे. माझ्या पोराला हीच मारुतीपर्यंत न्हेईल."

ताशा कडाडला आणि शमीम नवरदेवाच्या पुढे, भर गावातून, मान ताठ करून चालली!

मित्रांनो, तुमच्याही हाती कधी गुंता येईल. मुक्या जनावराचा असेल तर जास्तच सांभाळून. कात्री लांब ठेवा, टोकाकडून सुरुवात करा आणि वरची बट घट्ट धरा, म्हणजे त्याला दुखणार नाही.